मुहूर्त टळतो, दगड टळत नाही

एकमेकांना न ओळखणारी दहा-बारा माणसं एका शहरात सोडायची, त्यांचे पाय एकमेकांत अडकवायचे आणि प्रेक्षकाला हसवत हसवत खड्ड्यापर्यंत न्यायचं, हा सिनेमावाल्यांचा जुना उद्योग. कुंदन शाह यांनी 1983 च्या 'जाने भी दो यारों'मध्ये मुंबईतले दोन भाबडे फोटोग्राफर, दोन बिल्डर, एक संपादिका आणि महापालिका आयुक्ताचं प्रेत यांची मोट बांधली. श्रीराम राघवन यांच्या 'अंधाधुन'ने (2018) तोच खेळ पुण्यात मांडला: आंधळ्याचं सोंग घेतलेला पियानोवादक, लॉटरीची तिकिटं विकणारी बाई, रिक्षावाला, इन्स्पेक्टर आणि सगळ्यांचा हिशोब उलटवणारा एक ससा. रॉबर्ट ऑल्टमनच्या 'शॉर्ट कट्स'मध्ये (1993) लॉस एंजेलिसची वीसेक पात्रं शेवटी एकाच भूकंपाने हलतात. पॉल थॉमस अँडरसनच्या 'मॅग्नोलिया'त (1999) तर आभाळातून बेडूक पडतात. धागे हाताबाहेर गेले की दिग्दर्शक वरून नाहीतर खालून काहीतरी पाठवतो.

बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणारला हे काम निसर्गाने कधीच उरकून ठेवलंय. इथल्या बेसाल्टमध्ये सुमारे 1.8 किलोमीटर व्यासाचं विवर आहे. ते ज्वालामुखीचं तोंड असावं, असं बराच काळ मानलं गेलं. 1973 साली शास्त्रज्ञांनी आघाताच्या दाबाने बदललेली खनिजं दाखवली आणि ते उल्काविवर असल्याचं सिद्ध केलं. वयाबद्दल एकमत नाही. एक मापन 52 हजार वर्षं सांगतं, नंतरचं दुसरं 5 लाख 70 हजार. पण दगड पूर्वेकडून तिरका आला असावा, असे पुरावे मिळाले आहेत.

तसाच दगड आज त्याच गावावर येतोय, असा सिनेमा काढायचा झाला तर त्याचा घटनाक्रम असा होईल. दगड शंभर मीटरचा, वेग सेकंदाला 18 किलोमीटर, अंतराचा हिशोब ढोबळ. माणसं कल्पनेतली. मधे येणारी इतर दगडांची उदाहरणं मात्र घडलेली.

24 तास आधी: संध्याकाळी 7.32. अंतर 15 लाख 55 हजार किलोमीटर

हवाई बेटांवर पहाटेचे चार. हालेआकाला डोंगरावरच्या ॲटलास दुर्बिणीच्या चित्रात एक ठिपका उमटतो. एवढा मोठा दगड इतके दिवस दिसला कसा नाही? थेट अंगावर येणारी वस्तू ताऱ्यांच्या पडद्यावर जागची फारशी हलत नाही आणि शोध घेणारे संगणक हलणाऱ्या ठिपक्यांच्याच मागे असतात. त्यात उद्या बुद्ध पौर्णिमा, आभाळभर चांदणं. हे पटकथेच्या सोयीसाठी लिहिलेलं नाही. '2019 ओके' नावाचा जवळपास याच मापाचा दगड 25 जुलै 2019 ला पृथ्वीजवळून गेला, तेव्हा ब्राझीलमधल्या सोनिअर वेधशाळेला तो सापडून जेमतेम एक दिवस झाला होता.

लोणारात एका घरी हळद चालू आहे. आचारी उद्याच्या हजार पानांसाठी वांगी मोजून घेतोय. मुहूर्त गोरज, 6 वाजून 58 मिनिटं. वधूपिता प्रत्येकाला बजावतोय, "वेळ पाळा बरं, गुरुजी कडक आहेत."

20 तास आधी: रात्री 11.32. अंतर 12 लाख 96 हजार

ठिपक्याच्या नोंदी अमेरिकेतल्या मायनर प्लॅनेट सेंटरकडे पोचल्या आहेत आणि कक्षेचं गणित सुरू झालंय. ही साखळी खरोखर चालते. 6 ऑक्टोबर 2008 रोजी ॲरिझोनातल्या दुर्बिणीला चारेक मीटरचा दगड दिसला. तो सुदानच्या वाळवंटावर पडणार, हे काही तासांत कळलं आणि एकोणीस-वीस तासांनी तो तिथेच फुटला. पुढे खार्टूम विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी वाळवंटात रांगा करून त्याचे तुकडे वेचले. आकाशातच सापडलेला दगड मग जमिनीवर हाती लागला, असं तेव्हा पहिल्यांदा झालं.

आपला दगड जिथे पडू शकतो तो पट्टा अजून ओमानपासून बंगालपर्यंत लांब आहे. लोणारातल्या एका खगोलवेड्या मास्तरांच्या फोनवर तो नकाशा येतो. शक्यता तीन टक्के. ते बायकोकडे बघतात. ती दिवसभर लग्नघरी राबून नुकती झोपली आहे. "सकाळी सांगू," म्हणत मास्तर दिवा मालवतात. मास्तरांचे आठ तास इथे गेले.

15 तास आधी: पहाटे 4.32. अंतर 9 लाख 72 हजार

पट्टा आकसून विदर्भ आणि मराठवाड्यापुरता उरतो. दिल्लीत झोपेतून उठवलेला एक अधिकारी विचारतो, "ते डार्ट का काय आहे ना, ते सोडता येईल का?" दगडाला धक्का द्यायला पाठवलेलं डार्ट यान 26 सप्टेंबर 2022 ला एका लघुग्रहाच्या डायमॉर्फस या छोट्या चंद्रावर आदळलं आणि त्याची फेरी अर्ध्या तासाहून अधिक कमी झाली, हे त्याला आठवतंय. अशा मोहिमेला काही वर्षं आधी निघावं लागतं, हे आठवत नाही.

खाली जिल्ह्याजिल्ह्यात फोन वाजतात. नकाशावरची रेघ थोडी सरकली की एका जिल्ह्यात सुस्कारा सुटतो आणि शेजारच्यात फोन वाजतो. कुणाच्याही मनात वाईट नाही. आपल्याकडे नको, एवढीच प्रत्येकाची माफक इच्छा.

12 तास आधी: सकाळी 7.32. अंतर 7 लाख 77 हजार

मास्तर उठतात. फोनमध्ये आता तीन टक्क्यांच्या जागी चाळीस. ते सायकल काढतात.

विवराच्या काठावर गाईड पुण्याहून आलेल्या चौघांना घेऊन उभा आहे. विष्णूने दैत्यसूदनाच्या रूपात लोणासुराला कसं मारलं, हे तो आधी सांगतो आणि उल्केचं नंतर, कारण उल्केनंतर लोक निघायची घाई करतात. खाली पाणी हिरवट दिसतंय. जून 2020 मध्ये हेच पाणी गुलाबी झालं होतं, तेव्हा देशभरचे कॅमेरे आले होते. मिठाला सरावलेल्या सूक्ष्मजीवांचा तो रंग होता. गाईड म्हणतो, "त्या वर्षी टाळेबंदी होती साहेब. एवढा मोठा सीझन आला आन् गिऱ्हाईक एक नाही."

मास्तर त्याला गाठतात आणि दगडाचं सांगतात. गाईड पाहुण्यांकडे वळतो, "हे आमचे सर. मोठे अभ्यासक." पाहुणे मास्तरांसोबत फोटो काढतात.

9 तास आधी: सकाळी 10.32. अंतर 5 लाख 83 हजार

आता शंका उरलेली नाही. बुलढाणा जिल्हा, लोणार तालुका. निरोप फोनवरून, मेलवरून, व्हॉट्सॲपवरून निघतो आणि तालुक्याच्या कचेरीत येऊन थांबतो. बुद्ध पौर्णिमेची सरकारी सुटी आहे. कचेरीला कुलूप. किल्ली शिपायाकडे आणि शिपाई मुलीकडचा नातेवाईक. तो मंगल कार्यालयात सतरंज्या मोजतोय. फोन खिशातच आहे, पण सनईच्या रेकॉर्डपुढे वाजलेला कळत नाही.

मास्तर तिथेही पोचतात. वधूपिता त्यांचे दोन्ही हात धरतो. "मास्तर, पयले जेवून घ्या, मंग सांगा काय थे."

"अहो, गाव खाली करायचंय."

"करू ना. पण लग्नघरून उपाशी जाता काय?"

मास्तरांपुढे पान येतं. वरण, बट्टी, वांग्याची तर्रीदार भाजी. आग्रह मोडवत नाही. मग बुंदी येते. शिपाई शेजारीच बसलाय, दोघांची ओळख नाही. एकाजवळ निरोप आहे, दुसऱ्याजवळ किल्ली. दोघं मिळून भाजीची तारीफ करतात.

6 तास आधी: दुपारी 1.32. अंतर 3 लाख 88 हजार

दगड चंद्राइतका दूर. चंद्र जिथून रोज फक्त उजेड पाठवतो, तिथून हा सहा तासांत स्वतः येणार आहे.

कचेरी उघडली. घंटागाडीवरून दवंडी द्यायचं ठरतं. लोणारच्या गल्ल्यांतून घंटागाडी फिरते. नेहमीचं स्वच्छतेचं गाणं, मग मधेच, "सर्व नागरिकांना कळविण्यात येते की..." आणि पुन्हा गाणं. लोक ओला-सुका कचरा वेगळा करून दारात आणून ठेवतात.

टीव्हीला बातमी लागते. त्यानंतर घडतं ते भोपाळपासून हैदराबादपर्यंत कुणाच्या हिशोबात नव्हतं. लोक लोणारकडे यायला निघतात. समृद्धी महामार्गावर मेहकरच्या उतारावर गाड्यांची रांग लागते. ट्रायपॉड, चादरी, चिवड्याच्या पिशव्या. गावातून बाहेर जाणाऱ्या एसट्या त्याच रांगेत समोरासमोर अडकतात.

याच गर्दीतून एक पोरगा मोटरसायकल काढून उलट दिशेने निसटतो. त्याला दगडाची भीती नाही. ज्ञानगंगा अभयारण्यात आज पौर्णिमेच्या उजेडात पाणवठ्यावरच्या प्राण्यांची गणना आहे आणि त्याला पहिल्यांदाच मचाण मिळालंय. आई ओरडते, "लग्न टाकून जनावरं मोजायला चालला काय रे?"

इथपर्यंत प्रेक्षकाच्या लक्षात आलेलं असतं की या सिनेमात खलनायक नाही. दगडापेक्षा निरोप हळू चालतोय, एवढंच. तो प्रत्येकाच्या हाती थोडा वेळ थांबतो: कुणी झोपमोड नको म्हणून, कुणी जेवण झाल्यावर, कुणी वरून लेखी येऊ दे म्हणून. प्रत्येकाचं कारण ऐकून घ्यावं असंच आहे, पण एकत्र केल्यावर त्या कारणांचे अठरा तास होतात. अनोळखी माणसं खऱ्या अर्थाने जोडली जातात ती या निरोपाने. आपल्याला उशीर कुणामुळे झाला, हे त्यातल्या एकालाही कधी कळणार नाही.

3 तास आधी: दुपारी 4.32. अंतर 1 लाख 94 हजार

अजून वेळ आहे. 2011 च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या तेवीस हजारांच्या घरात होती. एका बसमध्ये पन्नास धरले तर चारशे साठ खेपा. मेहकर वीस-बावीस किलोमीटरवर, त्यापुढे आणखी तीसेक किलोमीटर काढले तरी जीव वाचतील. सतरा तासांपूर्वी सुरुवात केली असती तर म्हाताऱ्याकोताऱ्यांसकट, गुरांसकट, रुखवतासकट सगळं गाव हललं असतं.

काही जण निघालेतही. काहींचं शास्त्र वेगळं आहे. पारावर एकजण समजावतोय, "दगड तं इथं एकदा पडून गेला ना बापा. आता दुसऱ्या गावचा नंबर. एका जागी दोनदा थोडीच पडते?" हे पटून पाच-पन्नास कुटुंबं अंथरुणं घेऊन थेट जुन्या विवरात उतरतात. तळाशी कमळजा देवीच्या देवळापाशी ती बसून घेतात. पुजारी त्यांना पाणी देतो. तिथे एवढी गर्दी त्याने नवरात्रातच पाहिलेली असते.

मंगल कार्यालयात आचाऱ्याला सगळं समजलंय. तो वधूपित्याला म्हणतो, "मालक, जाऊ या." आणि लगेच मागे वळून बघतो. हजार माणसांचा रस्सा चुलाणावर आहे, पोळ्यांची कणीक मळून झाली आहे. टाकून जायचं? त्याच्या तीस वर्षांच्या धंद्यात एकदाही अन्न वाया गेलेलं नाही.

1 तास आधी: संध्याकाळी 6.32. अंतर 64 हजार 800

'2019 ओके' पृथ्वीपासून साधारण सत्तर हजार किलोमीटरवरून निघून गेला होता. आपला दगड तेवढ्या अंतराच्या आत आलाय आणि वळलेला नाही.

वरात निघाली आहे. डीजे एवढ्या जोरात की मागे येणारी पोलिसांची गाडी भोंग्यावरून काय सांगतेय ते कळत नाही. पोरांना वाटतं, आवाज कमी करा म्हणत असतील. ते आवाज वाढवतात. वरमामा मात्र रुसलाय. त्याला फेटा मिळाला, पण तो धाकट्या भावाच्या फेट्यापेक्षा कमी कळ्यांचा. "हा मान आहे काय?" म्हणत तो बायको-पोरांना जीपमध्ये घालतो आणि तडक जालन्याच्या रस्त्याला लागतो. चार माणसं त्याची मनधरणी करायला दुसऱ्या जीपमधून मागे जातात.

30 मिनिटं आधी: संध्याकाळी 7.02. अंतर 32 हजार 400

टीव्हीचे उपग्रह पृथ्वीपासून सुमारे 36 हजार किलोमीटरवर फिरतात. दगड त्यांच्याही आत आला आहे. त्या उपग्रहांवरून उतरणाऱ्या वाहिन्या दगडाची बातमी दाखवतायत, मधूनमधून फ्लॅटच्या जाहिराती.

6.58 चा मुहूर्त टळला. नवरदेव अजून मारुतीच्या देवळापाशी मित्रांच्या खांद्यावर नाचतोय. गुरुजी घड्याळ बघून पुटपुटतात, "आपल्या लोकांना वेळेची किंमत नाही."

10 मिनिटं आधी: 7.22. अंतर 10 हजार 800

वरात मांडवात. अक्षता वाटून झाल्या, अंतरपाट धरला गेला. मास्तर गच्चीवर आहेत. दिवसभर घरोघर फिरले, आता पाय चालत नाहीत. दुर्बीण पूर्वेकडे वळवून ते डोळा लावतात. पौर्णिमेच्या चंद्राच्या वर एक ठिपका. तसूभरही हलत नाही.

1 मिनिट आधी: 7.31. अंतर 1 हजार 80

मंगलाष्टकाचं शेवटचं कडवं. मेहकरच्या रस्त्यावर अडकलेल्या हजारो लोकांनी फोन वर धरले आहेत. मांडवात गुरुजी खणखणीत आवाजात म्हणतात, "सावधान!" दिवसभरात एवढं एक जणच वेळेवर म्हणाला.

शून्य: 7.32

वातावरणाचे शंभर किलोमीटर तिरक्या वाटेने दहा-बारा सेकंदांत संपतात. हिरोशिमाच्या बॉम्बच्या काही हजार पट ऊर्जा एका जागी सुटते. जुन्या विवराच्या पश्चिमेला नवं विवर पडतं. त्याची माती उसळून जुन्या विवरात जाऊन पडते.

दिग्दर्शकाला इथे पडदा पांढरा करून थांबायचा मोह होईल. थांबू नये.

1 मिनिट नंतर: 7.33

मेहकर. आधी उजेड आला. घराघरांतून माणसं खिडक्यांशी धावली. धक्का यायला मिनिटभर लागलं आणि तो आला तेव्हा सगळे काचेला नाक लावून उभे होते.

हा प्रसंग रशियातून उचललाय. 15 फेब्रुवारी 2013 च्या सकाळी चेल्याबिन्स्कवर वीसेक मीटरचा दगड सूर्याच्या दिशेने आला आणि फुटला. लखलखाट झाला, लोक खिडक्यांपाशी गेले, दोनेक मिनिटांनी धक्क्याची लाट आली. दीड हजारांच्या आसपास लोक दवाखान्यात गेले, बहुतेक काच लागून. त्या दिवशी जगभरच्या दुर्बिणी दुसऱ्याच एका दगडाची वाट पाहत होत्या. त्याचा दिवस, वेळ, 27 हजार 700 किलोमीटरचं अंतर, सगळं आधीपासून पाठ होतं. तो सोळा तासांनी आला आणि ठरल्याप्रमाणे निघून गेला. ज्याची खबर होती त्याने काही केलं नाही. ज्याने केलं त्याची खबर नव्हती. एवढी सफाई पटकथाकाराने दाखवली असती तर लोक म्हणाले असते, हे जरा जास्तच झालं.

दुसऱ्या दिवशी

वाचलेल्यांची यादी होते. मचाणावरचा पोरगा: रात्रभर पूर्वेला पाठ करून पाणवठा न्याहाळत होता, नोंदवहीत दोन अस्वलं आणि सात रानडुकरं. वरमामा: जालन्याच्या अलीकडे पोचला होता, अजूनही रुसलेलाच. त्याची समजूत काढायला गेलेले चौघे. गर्दीला कंटाळून मधूनच परतलेले पुण्याचे पाहुणे. दगडावर विश्वास ठेवून, विचार करून, सामान बांधून वेळेत निघालेलेही काही आहेत, पण समोरून बघ्यांच्या गाड्या आल्यामुळे त्यातले थोडेच पार झाले.

तिसऱ्या दिवशी मदतीचे नमुने येतात. नुकसानभरपाईसाठी सातबारा जोडणं आवश्यक. ज्या गटाचा सातबारा जोडायचा तो गट आता दीडशे मीटर खोल आहे, पण रकाना मोकळा ठेवता येत नाही. नव्याने नेमणूक झालेला तलाठी काठावर उभा राहून खाली बघतो, मोजणीची साखळी पुरणार नाही हे त्याच्या लक्षात येतं आणि तो अंदाजाने लिहितो: पीक, निरंक. क्षेत्र, पोटखराब.